घाटावरचे बिऱ्हाड समुद्राच्या काठी

आपल्या बुलढाणा जिल्ह्याला समुद्र नाही, पण आपले पाणी दोन समुद्रांना जाते. घाटावर पडलेला पाऊस पैनगंगा आणि खडकपूर्णा या नद्यांनी फिरत फिरत गोदावरीत जातो आणि गोदावरीबरोबर पूर्वेच्या बंगालच्या उपसागरात. घाटाखालचा पाऊस नळगंगा, ज्ञानगंगा, माण या नद्यांनी पूर्णेत उतरतो. पूर्णा तापीला मिळते आणि तापी सुरतेच्या पुढे अरबी समुद्राला. लोणारच्या सरोवरात उतरलेले पाणी तेवढे बाहेर कुठेच वाहून जात नाही. ते तिथेच आटते आणि खार मागे ठेवते. शाळेच्या भूगोलात हे आपण सारे शिकलो. पण ज्या पाण्याला आपण जन्मभर बांध घालतो, ते शेवटी जिथे जाते ती जागा आपल्यापैकी किती जणांनी डोळ्यांनी पाहिली आहे? पंढरपूर होते, शेगाव तर घरचेच, तिरुपतीही होऊन जाते. समुद्र मात्र राहून जातो.

राहून जाण्याची कारणे खोटी नाहीत. अंतर पाचशे किलोमीटरच्या वर. गोठ्यात जनावरे, शेतात पीक. दहा-अकरा माणसांच्या घराने लॉजमध्ये दोन रात्री काढायच्या आणि तिन्ही वेळा बाहेर जेवायचे म्हटले, तर तेवढ्यात एका एकराची पेरणी-फवारणी निघून जाते. म्हणून या लेखात मी तुम्हाला वेगळी रीत सांगणार आहे. गाडीतच बिऱ्हाड करायचे, गाडीच्या आसऱ्यानेच निजायचे, आपला स्वयंपाक आपण करायचा आणि समुद्र पाहून यायचे.

शहरातल्या हौशी लोकांत हा प्रकार नवा म्हणून गाजतो आहे. मोठ्या मोटारीतच पलंग, ओटा आणि न्हाणीघर असते, तिला कॅराव्हॅन म्हणतात. राज्य शासनाने २०२१ मध्ये त्यासाठी धोरणही काढले. आपल्याला मात्र त्यात नवल वाटायचे कारण नाही. सैलानीच्या यात्रेला जाणारी बैलगाडी आठवा. वर तट्ट्याचे छप्पर, आत गवतावर अंथरलेली वाकळ, मागे बांधलेला कडबा, जूखाली लटकणारा कंदील. यात्रेत गाडी सोडली की तिच्या आडोशाला चूल मांडायची, पोरीबाळी गाडीत आणि बाप्ये खाली. ती आपली कॅराव्हॅनच होती. बैलांच्या जागी इंजिन आले एवढेच.

गेल्या मार्गशीर्षात चिखली तालुक्यातील दोन शेतकरी घरे आणि आम्ही उभयता असे अकरा जण क्रूझर गाडी करून रायगड जिल्ह्यात दिवेआगरला गेलो. दोन रात्री समुद्राकाठी, एक रात्र परतीच्या वाटेवर. त्यातून जे उपयोगी वाटले ते सांगतो.

आधी वेळेचे. सोयाबीन निघून हरभरा पेरलेला असतो. फुलोऱ्याच्या आधीचे पहिले पाणी दिले की पुढे दोन-तीन आठवडे त्या रानाला आपली रोजची गरज नसते. घाटेअळीसाठी कामगंध सापळे आणि पक्षिथांबे लावून मगच निघा; परत आल्यावर सापळ्यातले पतंग मोजायला विसरू नका. कापूसवाल्यांना हा काळ वेचणीचा, त्यांनी माघात जावे. डिसेंबर ते फेब्रुवारी समुद्र शांत असतो आणि कोकणातला उकाडाही सोसवतो. पावसाळ्यात मात्र मुळीच नको. त्या दिवसांत कोळी लोकसुद्धा होड्या काठावर ओढून ठेवतात; १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदच असते.

मग गाडीचे. पिकअपमध्ये गादी टाकून जाऊ, असे कोणीतरी म्हणतेच. आमच्यातही म्हटले. ते मनातून काढून टाका. मालवाहू गाडीत माणसे नेणे कायद्यात बसत नाही आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते. प्रवासी परवान्याची, पिवळ्या पाटीची क्रूझर किंवा तत्सम गाडी करा, टपावर कॅरिअर असलेली. चालवणारे दोघे असू द्यात. गॅसची टाकी लहान घ्या, ती टपावर उभी आणि बांधलेली असावी, आणि शेगडी गाडीच्या आत कधीही पेटवू नका, मग बाहेर कितीही वारा असो. रात्रीचा प्रवास टाळा. १ जुलै २०२३ च्या रात्री आपल्याच सिंदखेडराजाजवळ समृद्धी महामार्गावर बस पेटून २५ माणसे गेली, हे जिल्ह्यात कोणाला सांगायला नको.

सामानात एक मोठी ताडपत्री, दोन सतरंज्या, दोर, बादली, विळा, विजेऱ्या आणि वीस-वीस लिटरच्या दोन पाण्याच्या टाक्या घेतल्या. खाण्याचे बायकांनी ठरवले. पहिल्या दिवसाला दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि ठेचा. पुढच्यासाठी ज्वारीचे पीठ, बेसन, तुरीची डाळ, वांगी, आणि रोडग्यांसाठी जाडे दळलेले गव्हाचे पीठ. गोवऱ्याही न्यायच्या होत्या. टपावर जागा उरली नाही म्हणून त्या राहिल्या.

आजींचा या साऱ्याला विरोध होता. पंचाहत्तरी ओलांडलेली, गळ्यात तुळशीची माळ. "पैसे खर्चून पानी पाहाले चालले का? पानी का वावरात नाही?" असे त्या निघेपर्यंत म्हणत होत्या. सोयाबीनचा भाव त्या वर्षी काय होता ते तुम्हाला ठाऊक आहे, त्यामुळे त्यांचे म्हणणे अगदीच वावगे नव्हते. शेवटी सून म्हणाली, "मग तुम्ही घरी राहा, आम्ही बाटलीत घेऊन येतो." त्यावर आजी सगळ्यांच्या आधी गाडीत जाऊन बसल्या.

पहाटे चारला चिखली सोडली. देऊळगावराजा, जालना, छत्रपती संभाजीनगर, अहिल्यानगर, पुणे. हा पट्टा ओळखीचाच आहे, त्याचे वर्णन करीत नाही. ५ जून २०२५ पासून समृद्धी महामार्ग थेट ठाणे जिल्ह्यातल्या आमणेपर्यंत खुला झाला आहे. मेहकर, लोणारकडच्या लोकांना त्या वाटेने पनवेलला उतरून माणगाव गाठता येईल. आम्ही पुण्याहून मुळशी-ताम्हिणीच्या घाटाने गेलो ते मुद्दाम. त्या घाटात तासाभरात सगळे बदलते. काळी जमीन संपते, तांबडी लागते. बाभळी-बोरी जाऊन साग, आंबा, ऐन दिसू लागतात. आपल्याकडे वर्षाला साडेसातशे-आठशे मिलिमीटर पाऊस पडला तर आपण बरे वर्ष म्हणतो; घाट उतरून समुद्राकडे गेलात की तीन हजार मिलिमीटरच्या वरचा मुलूख. आणि तरीही मे महिन्यात तिथल्या कित्येक वाड्या-वस्त्यांवर पाण्याचा टँकर येतो! पाऊस पडणे वेगळे आणि मुरणे वेगळे, याचा एवढा मोठा नमुना दुसरीकडे दिसायचा नाही.

दिवेआगरला पोचायला साडेसात वाजले. अंधार पडला होता. समुद्राच्या अगदी काठावर, वाळूत बिऱ्हाड मांडू नका. तशी परवानगी नसते आणि त्यात शहाणपणही नाही. काठालगत नारळी-पोफळीच्या बागा आहेत, त्यांना तिकडे वाडी म्हणतात. वाडीवाल्याला विचारावे. गाडी लावायला जागा, विहिरीचे पाणी, संडास आणि चूल मांडायला कोपरा, याचे तो वाजवी पैसे घेतो. ते आधी ठरवून घ्या आणि हात आखडू नका. त्याची वाडी हे त्याचे वावर आहे. आमच्या यजमानाने विचारले, "घाटावरून आलात का?" आमच्यातले जावईबापू संग्रामपूरकडचे. ते म्हणाले, "हे सारे घाटावरचे, मी घाटाखालचा." यजमान बिचारा गोंधळला. त्याच्या हिशेबी सह्याद्रीच्या पलीकडचे सगळेच घाटावरचे. आपल्या जिल्ह्यात आणखी एक घाट आहे आणि त्यावरून सोयरिकी अडतात, हे त्याला कुठून ठाऊक असणार?

गाडीतल्या बाकांवर आणि मधल्या जागेत बायका-मुले, बाहेर ताडपत्रीवर आम्ही. जेवणे झाल्यावर साडेदहाच्या सुमारास सुरूच्या झाडांतून काठावर गेलो. दत्तजयंतीची आदली रात्र, चांदणे लख्ख. लाटा कोरड्या वाळूच्या कडेपर्यंत येत होत्या. आजी कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "याले दुसरा काठच नाही!"

खरी गंमत सकाळी. उजाडताना आजी एकट्याच उठून काठावर गेल्या होत्या, त्या लगबगीने परत आल्या आणि मला हलवून म्हणाल्या, "साहेब, पानी कुठी गेलं?" जाऊन पाहिले तर रात्री जिथे लाटा फुटत होत्या, तिथे ओली सपाट वाळू, तिच्यावर खेकड्यांनी काढलेली रांगोळी, आणि पाणी पार लांब.

वाचकहो, इथे थोडे थांबू या, कारण या सहलीत जीव राखणारी गोष्ट हीच आहे. नदीचे पाणी एकाच दिशेने जाते, धरणाचे जागेवर असते. समुद्राचे पाणी दिवसातून दोनदा चढते आणि दोनदा उतरते. चढणे ती भरती, उतरणे ती ओहोटी. एका भरतीपासून दुसरी भरती साधारण साडेबारा तासांनी येते, म्हणजे रोजची वेळ आदल्या दिवसापेक्षा पाऊण तासाने पुढे सरकते. हा चंद्राचा कारभार आहे. पौर्णिमा-अमावास्येला चंद्र आणि सूर्य एका रेषेत ओढतात, तेव्हा पाणी सगळ्यांत वर चढते आणि सगळ्यांत खाली उतरते. त्याला उधाण म्हणतात. त्या दिवसांत या काठावर भरती-ओहोटीच्या पातळीत दहा फुटांच्या आसपास फरक पडतो. अष्टमीच्या सुमारास तो फरक बराच कमी असतो.

आता वेळ कशी ओळखायची? कोकणातले लोक तिथीवरून ओळखतात. शुद्ध असो की वद्य, जी तिथी असेल तिची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती पूर्ण. पौर्णिमा म्हणजे पंधरा, अमावास्याही पंधराच धरायची. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाच्या पुढे भरती. पौर्णिमेला सव्वाअकरा. त्यापुढे सहा तासांनी पूर्ण ओहोटी. हे मिनिटाला मिनिट जुळणारे गणित नव्हे, अर्ध्या-पाऊण तासाचा फरक धरून चाला. पण भिंतीवरच्या पंचांगावर घरबसल्या करता येते. आमच्यातले आबा जुन्या शाळेतले, पाउणकी अजून तोंडपाठ. यजमानाने रीत सांगताच त्यांनी पुढच्या पंधरा दिवसांच्या भरत्या तिथेच सांगून टाकल्या. कॉलेजात शिकणारा नातू मोबाईलवर ताडून पाहत होता. आजींनी आपल्यापुरते मिटवून घेतले, "वारकऱ्यावानी हाये. जाते अन् येते."

आंघोळ करायची ती पाणी चढत असताना, गुडघा-मांडीपर्यंत, आणि चार माणसे असतील तिथे. पाणी उतरत असताना आत जाऊ नका. ते पायाखालची वाळू घेऊन आत ओढते. खाडीच्या मुखाशी तर कधीच नको. लाटा सगळीकडे फुटत आहेत आणि मध्येच एखादा पट्टा गप्प, गढूळ दिसतो आहे, तो चांगला वाटतो म्हणून पोरे तिकडेच धावतात. तिथूनच पाणी परत समुद्रात जात असते. त्यात कोणी सापडलेच तर काठाच्या दिशेने झुंजू नये, दम संपतो. काठाला समांतर बाजूला सरकत जावे, ओढ संपली की मग काठाकडे वळावे. विहिरीत पोहणारे आपले तरुण स्वतःला पट्टीचे समजतात. विहिरीला ओढ नसते, हे त्यांना घरून निघण्याआधी सांगा.

त्याच सकाळी आम्हाला डोळ्यांसमोर उदाहरण मिळाले. शहरातून आलेल्या एका कुटुंबाने ओहोटीची घट्ट वाळू पाहून मोटार थेट पुळणीवर घातली. (पुळण म्हणजे समुद्रकाठची वाळू.) बऱ्याच ठिकाणी त्याला बंदी आहे, पण मोकळे मैदान दिसले की मोह होतो. फोटो काढण्यात तासभर गेला. नऊच्या सुमारास गाडी निघेना. जसा अ‍ॅक्सिलरेटर दाबावा तशी चाके आणखी खाली. आणि सव्वाअकराची भरती! दर लाट आधीच्या लाटेपेक्षा हातभर पुढे येत होती. गाडीतली बाई मुलांच्या पिशव्या टपावर ठेवू लागली.

चिखलात रुतलेली गाडी काढण्यात आपले लोक काही कमी नाहीत. आमचे चौघे धावले, दोर लावला, "जोर लगा के" झाले. गाडी हलेना. काळ्या मातीत रुतलेले चाक खाली कुठेतरी मुरमाला टेकते, वाळूत तसे काही लागत नाही. तोवर यजमान आला. त्याने आधी चारही चाकांची निम्मी हवा सोडायला लावली, म्हणजे टायर पसरतो आणि कमी रुततो. मग चाकांपुढची वाळू हाताने उपसली आणि नारळाच्या झावळ्या आडव्या अंथरल्या. आपण पऱ्हाट्या घालतो तशाच. नंतर वाडीतला छोटा ट्रॅक्टर वरच्या कोरड्या भागात उभा करून लांब दोराने हळूहळू ओढले. झटका एकदाही दिला नाही. गाडी निघाली तेव्हा पाणी दहा पावलांवर होते. आणखी वीस मिनिटांनी ती जागा कंबरभर पाण्यात होती.

दुपारी जेवण रोडग्यांचे. गोवऱ्या नव्हत्या म्हणून यजमानाने नारळाची सोडणे दिली, म्हणजे सोललेल्या नारळाची वाळकी टरफले. ती भर्रकन पेटतात आणि आर थोडाच वेळ टिकतो, त्यामुळे रोडगे दोनदा आरात घालावे लागले. तरी झाले. वांग्याची भाजी आणि वरण. यजमानाच्या घरच्यांना जेवायला बोलावले. त्यांनी सोलकढी आणली. कोकमाच्या आंबट कढीत नारळाचे दूध, हे प्रकरण आमच्या मंडळींना पहिल्या घोटाला रुचले नाही, दुसऱ्याला रुचले, तिसऱ्या वाटीला वाढणाऱ्याने भांडे दूर ठेवले.

जेवणानंतर वाडीतून हिंडलो. नारळाला साडेसात मीटरवर जागा, मध्ये पोफळी, पोफळीवर चढवलेले काळ्या मिरीचे वेल, सावलीत जायफळ. एकाच जमिनीवर तीन-चार मजली शेती. या श्रीवर्धन भागातल्या सुपारीला रोठा म्हणतात, मोठी, आत पांढरी आणि कात्र्याला मऊ, म्हणून तिला मान. पण वाडीत मधे मधे आभाळ उघडे दिसत होते. यजमानाने सांगितले ते ऐकताना आमच्यातले कोणी हलले नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर चढले. ताशी शंभर किलोमीटरच्या वर वारा. दुपारच्या दोन-तीन तासांत आजोबांनी लावलेले नारळ मुळासकट उलथले, पोफळी मधोमध मोडल्या, सुरूची रांग झोपली. आपली गारपीट एक हंगाम नेते. पुढच्या मृगाला आपण पुन्हा पेरतो. पोफळ लावल्यावर फळ धरायला पाच-सात वर्षे लागतात आणि भरात यायला त्याहून जास्त. त्याची नवी लावण आता कुठे धरू लागली आहे. तोवर घर कशावर चालवलेत, असे आबांनी विचारले. यजमान म्हणाला, "तुमच्यासारखे येतात, त्यांवर." वाजवी भाडे द्या असे वर लिहिले आहे, ते एवढ्यासाठी.

जावईबापूंना मात्र वाडीपेक्षा खाडीकाठची खाजणे जास्त पाहायची होती, आणि मलाही. त्यांचे रान पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात. विहिरीचे पाणी खारट, ते दिले तर जमीन पांढरी पडते आणि पुढे चोपण होते. इथे खाडीच्या काठाला मातीचा बांध घालून आतली जमीन भाताखाली आणली आहे. बांधात लाकडी झडपेचे दार असते, त्याला उघाडी म्हणतात. ओहोटीला आतल्या पाण्याच्या रेट्याने ते आपोआप उघडते आणि शेतातले पाणी बाहेर जाते. भरतीला बाहेरच्या पाण्याच्या रेट्याने ते आपोआप बंद होते. वीज नाही, माणूस नाही. पावसाळ्याच्या सुरुवातीचा धो धो पाऊस मातीतले मीठ धुऊन उघाडीवाटे खाडीत घालवतो आणि मग भात लावतात. पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राने अशा जमिनीसाठी मीठ सोसणारे भाताचे वाण काढले आहेत. बांध फुटून समुद्राचे पाणी आत शिरले तर मात्र पुढचे हंगाम हातचे जातात.

"मग आमचं मीठ काहून जात नाही?" जावईबापूंनी विचारले. प्रश्न बरोबर होता. इथे तीन हजार मिलिमीटर पाऊस आणि पाणी निघून जायला खाडी आहे. पूर्णेच्या खोऱ्यात पाऊस याच्या पाव हिश्शाचा आणि माती भारी चिकण. पाणी खाली उतरतच नाही, मग मीठ कोण नेणार? म्हणून तिथे खारे पाणी देण्याचा मोह सोडून पावसाचे गोडे पाणी शेततळ्यात धरणे, रुंद सरी-वरंब्याने पाण्याला वाट करून देणे आणि चोपण झालेल्या भागाला माती तपासून जिप्सम देणे, हाच मार्ग. हे मी त्यांना त्यांच्या बांधावर उभा राहून पूर्वी सांगितले होतेच. उघाडी पाहिल्यावर ते वाकून झडप हाताने हलवून पाहत होते आणि या वेळी मला मध्येच थांबवून प्रश्न विचारत होते.

पोरांनी एक हुशारीचा प्रश्न काढला. समुद्राचे पाणी आणि लोणारचे पाणी सारखेच खारट का? नाही. समुद्रात मुख्यतः आपले जेवणातले मीठ, लिटरला साधारण ३५ ग्रॅम. लोणारला मिठाच्या जोडीला सोडा आहे, म्हणून ते पाणी बोटांना बुळबुळीत लागते. पूर्वी तिथला खार पापडाला आणि साबणाला वापरीत.

चारच्या पुढे हरिहरेश्वरला गेलो. दिवेआगरहून श्रीवर्धनकडे जाणारा रस्ता बराचसा समुद्राच्या कडेने आहे; घाई करू नका. श्रीवर्धन हे बाळाजी विश्वनाथ भट यांचे, म्हणजे भट घराण्यातल्या पहिल्या पेशव्यांचे गाव, आणि हरिहरेश्वर त्यांचे दैवत. देवळामागे पायऱ्या उतरून डोंगराच्या पायथ्याशी खडकांवरून प्रदक्षिणेची वाट आहे. लाटांनी खडकाला मधमाश्यांच्या पोळ्यासारखी भोके पाडली आहेत. ही वाट फक्त ओहोटीची. भरतीत ती पाण्याखाली जाते, आणि त्या खडकांवरून ओढली गेलेली माणसे थोडीथोडकी नाहीत. पौर्णिमेची भरती सव्वाअकराची, म्हणून पूर्ण ओहोटी पाच-साडेपाचला, असे आबांनी सकाळीच काढून ठेवले होते. तरी देवळात विचारून मगच उतरलो. आजींना खाली नेले नाही. खडक शेवाळी आहेत. त्या काळभैरवापाशी बसून राहिल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी श्रीवर्धनच्या जीवना बंदरावर कोळणींचा लिलाव पाहिला. मासळीच्या ढिगाभोवती बाया उभ्या, बोली भराभर चढते, मिनिटभरात सौदा. आपल्या बाजार समितीतल्यासारखेच, फक्त इथे भाव पडला म्हणून माल परत घरी नेण्याची सोय नाही, बर्फ वितळत असतो. आमच्यातल्या माळकऱ्यांनी नाकाला पदर लावला, पण निघायला कोणी तयार होईना.

परतीला माणगावहून वाट वाकडी करून पाचाडला गेलो. रायगडाच्या पायथ्याचे हे गाव. सिंदखेडराजाला १२ जानेवारीला आपण सारे जातो, तिथे जन्मलेल्या जिजाऊंची समाधी इथे आहे. ६ जून १६७४ ला राज्याभिषेक पाहिला आणि १७ जूनला त्यांनी इथेच देह ठेवला. जिथे जन्म तिथून पाचशे किलोमीटर पलीकडे, आणि तेव्हाची वाहने कसली! आजींनी पिशवीतून एक पुरचुंडी काढली. चिखलीहून आणलेली ज्वारी होती, सव्वा मूठ. समाधीपुढे ठेवली आणि म्हणाल्या, "माहेरची हाये, माय."

त्या रात्री आळंदीला धर्मशाळेत मुक्काम केला आणि चौथ्या दिवशी दिवसाउजेडी घरी. आल्यावर पहिले काम गाडीचे करा. खाऱ्या हवेने आणि वाळूने पत्रा खालून गंजतो, म्हणून गाडीची खालची बाजू, चाकांची आतली कड आणि ब्रेकचा भाग गोड्या पाण्याच्या जोरदार धारेने धुऊन घ्या. गाडी भाड्याची असली तरी. ताडपत्री आणि दोरही धुऊन वाळवा, नाहीतर पुढच्या मळणीला ती ओलच धरून बसेल. आमच्या सापळ्यांत चार दिवसांत पतंग फारसे नव्हते. यजमानाने दिलेला मोड आलेला नारळ आजींनी न्हाणीच्या पाण्यावर लावला आहे. आपल्या उन्हाळ्यात तो धरला तरी कोकणासारखा फळणार नाही, हे मी त्यांना सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि त्याच्याभोवती आळे केले.